डाव्या पायाच्या बाजूने

ठाण्यात नवी गाडी घेतली असं कुणाला सांगितलं की हल्ली पुढचा प्रश्न रंगाचा नसतो, मायलेजचाही नसतो. "ऑटोमॅटिकच घेतलीस ना?" असं विचारतात आणि उत्तर गृहीत धरून दुसऱ्या विषयाकडे वळतात. मी "नाही, मॅन्युअल" म्हटलं की मात्र थबकतात. "अगं, घोडबंदरला राहतेस आणि मॅन्युअल?" त्यात आश्चर्य कमी आणि कीव जास्त असते.

शोरूममध्ये तर तो प्रश्नसुद्धा कुणी विचारला नाही. सोबत नवरा होता. सेल्समनने इंजिन, पिकअप, डिकीतली जागा सगळं त्याला समजावून सांगितलं आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडमसाठी ऑटोमॅटिक बेस्ट राहील." गाडी मी चालवणार, हप्ते मी भरणार, नवऱ्याकडे तर लायसन्सही नाही. त्याने बिचाऱ्याने तसं सांगूनही पाहिलं. तरी टेस्ट ड्राइव्हला आली ती ऑटोमॅटिकच, कारण मॅन्युअलची डेमो गाडी शोरूमने ठेवलेलीच नव्हती. बाईमाणूस, ट्रॅफिक आणि क्लच ही तीन नावं एकत्र आली की उत्तर एकच, असा काहीसा हिशेब त्यामागे असावा.

मॅन्युअलची बाजू मांडायची तर आधी आपल्याच गोटातले काही मुद्दे मोडीत काढायला हवेत, कारण ते आता टिकत नाहीत. पहिला मायलेजचा. क्लचची गाडी पेट्रोल कमी पिते, हे आपण इतकी वर्षं घोकत आलो. २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टचं जाहीर झालेलं मायलेज मॅन्युअलला लिटरमागे २४.८० किलोमीटर आहे आणि एएमटीला, म्हणजे क्लच-गिअर यंत्रच सांभाळतं त्या स्वस्तातल्या ऑटोमॅटिकला, २५.७५. कागदावर का होईना, यंत्र माझ्यापेक्षा वेळेवर गिअर बदलतं. दुसरा मुद्दा, ऑटोमॅटिक बिघडल्या की दुरुस्त करणारा मिळत नाही. एके काळी हे शब्दशः खरं होतं. आता निम्मंच खरं आहे, त्या निम्म्याकडे मी पुढे येते. तिसरा, "खरा ड्रायव्हर तोच ज्याला गिअर टाकता येतो." ही निव्वळ मिशीला पीळ देण्याची भाषा. ठाण्यातला रिक्षावाला डाव्या मुठीत क्लच दाबून, तीच मूठ पिळून दिवसभर गिअर बदलत असतो. त्याला कुणी खरा ड्रायव्हर म्हणून सलाम ठोकल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तीन हात नाक्याला त्याला शिव्याच बसतात.

तर हे सगळं वजा करूनही मी म्हणते की रोजच्या वापराच्या पेट्रोल गाडीला क्लच आणि गिअर हाताशी असलेले बरे. त्याआधी, माझ्या आजूबाजूचे लोक ऑटोमॅटिक का घेतात ते बघू.

गाडी आवडली म्हणून घेणारे थोडे. बहुतेक जण रस्ता सोसवत नाही म्हणून घेतात. माजिवड्याहून निघून कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली असं संध्याकाळी घरी जाऊन बघा. मेट्रो ४ च्या खांबांच्या कडेने रस्ता कुठे तीन लेनचा, कुठे दोनचा. सर्व्हिस रोडवरून घुसणाऱ्या गाड्या. गुजरातकडून जेएनपीटीला निघालेले कंटेनर याच रस्त्याने येतात आणि मुंब्रा बायपासकडे वळतात. त्यातला एखादा गायमुखच्या घाटात बंद पडला की दोन्ही बाजूंना रांगा लागतात. पावसाळ्यात खड्डे बुजवायला रस्ता बंद, तो उघडला की नवे खड्डे. अशा रांगेत मॅन्युअलवाल्याचं काम ठरलेलं: पहिला टाका, हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट सोडून, चार फूट पुढे, ब्रेक, न्यूट्रल. पुन्हा पहिला. घरी पोचेपर्यंत डाव्या पोटरीला गोळा आलेला असतो. ते मी नाकारत नाही, माझीही पोटरी डावीच दुखते.

पण हे दुखणं गाडीचं आहे की रस्त्याचं? घोडबंदरच्या सोसायट्या वर्षानुवर्षं पाण्याचे टँकर मागवतात. टँकर आला की टाकी भरते, मेंटेनन्सच्या बिलात आकडा वाढतो आणि नळाला पाणी का येत नाही हा विषय पुढच्या मीटिंगवर जातो. ऑटोमॅटिक हा ट्रॅफिकवरचा टँकर आहे. एएमटी घेतली तर साधारण चाळीस-पन्नास हजार जास्त. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी किंवा डबल क्लच या ऑटोमॅटिकच्या महागड्या प्रकारांतली घेतली तर लाखाच्या वर. ठाण्यात राहण्याचा हा खासगी कर आपण स्वखुशीने भरतो, वर त्याला 'कम्फर्ट' म्हणतो. ऑटोमॅटिक गाडीसुद्धा रस्त्यावर तेवढीच जागा अडवते आणि तितकीच उशिरा घरी पोचते. फरक इतकाच की आतल्या माणसाची कुरकुर कमी होते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गायमुखच्या रस्त्यावरून आरडाओरडा करणाऱ्यांपैकी निम्मे जण गाडी बदलल्यावर गप्प झाले, हे मी बघितलंय. टीएमटीच्या बसमध्ये दांडीला लटकणाऱ्याला मात्र असली सोय विकत घेता येत नाही.

आता ज्यांना ती खरोखर लागते त्यांच्याबद्दल. आमच्या मजल्यावरच्या काकूंच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी क्लचला हात जोडायला सांगितलं. ऑटोमॅटिक नसती तर त्यांची गाडी सुटलीच होती. आता त्या उपवनला फिरायला, राम मारुती रोडला साड्या बघायला स्वतः जातात. ज्याच्या डाव्या पायात जोर नाही, जो पन्नाशीत गाडी शिकतोय, त्याने ऑटोमॅटिकच घ्यावी. त्यांच्यापुढे हा वाद घालणं निर्दयपणाचं आहे. बसच्या चालकाचंही तसंच. आठ तासांच्या ड्यूटीत दर स्टॉपला, दर सिग्नलला तो जड क्लच दाबायचा, तेही वर्षानुवर्षं. त्याला कुणी विचारलेलं नसतं की बाबा, तुला कुठली आवडते. शहरी बस ऑटोमॅटिक हव्यात, लवकर हव्यात. माझं म्हणणं आहे ते धडधाकट पायांच्या, स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्या, आणि काय घ्यायचं ते ठरवायची मुभा असलेल्या माणसांबद्दल.

या माणसाला शोरूममध्ये एक गोष्ट हमखास सांगतात: "सर, आता गिअर हे जुनं तंत्रज्ञान झालं, पुढे सगळं इलेक्ट्रिकच." या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केलेली असते. इलेक्ट्रिक मोटर जागेवरून हलतानाच पूर्ण जोर देते, म्हणून इलेक्ट्रिक गाडीला पाच-सहा गिअर लागतच नाहीत; मोटरच्या आणि चाकाच्या फेऱ्यांचं एकच प्रमाण पुरतं. तिथे गिअर खरोखर गेले, क्लच खरोखर गेला, आणि यंत्र साधं झालं. पेट्रोलच्या इंजिनाचं तसं नाही. ते मिनिटाला सातआठशे फेऱ्यांच्या खाली नेलं की बंद पडतं, आणि त्याचा खरा जोर बऱ्याच वरच्या फेऱ्यांवर असतो. जागेवरून निघायला, चढायला, ओव्हरटेक करायला त्याला वेगवेगळी प्रमाणं लागणारच. त्यामुळे पेट्रोलच्या ऑटोमॅटिकमध्ये ही बदलती प्रमाणं असतातच, फक्त आपल्यापासून लपवलेली असतात, आणि ती लपवण्यासाठी आणखी यंत्र बसवलेलं असतं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलात फिरणारे दोन पंखे. सीव्हीटीत पट्टा आणि रुंदी बदलणाऱ्या दोन पुली. डबल क्लचमध्ये नावाप्रमाणे एकाऐवजी दोन क्लच. इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला मी एका शब्दाने अडवणार नाही. पण इलेक्ट्रिकच्या नावाने जास्त गुंतागुंतीची पेट्रोल गाडी कुणी खपवायला लागला तर हिशेब मागायला हवा.

एएमटीचं प्रकरण तर त्याहून मजेशीर. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर ती आपल्याकडे स्वस्तात आली आणि मध्यमवर्गाला ऑटोमॅटिक परवडायला लागली. तिच्यात वेगळा गिअरबॉक्स असा नाहीच. तोच मॅन्युअलचा डबा, तीच क्लच प्लेट. वर फक्त क्लच दाबणारी आणि गिअर टाकणारी यंत्रणा आणि तिला हुकूम देणारा कॉम्प्युटर. म्हणजे तुमचा डावा पाय आणि डावा हात चाळीस-पन्नास हजारांना भाड्याने घेतलेला. घोडबंदरच्या चढावर रांगेत ती गाडीही हाफ क्लचवरच सरकते. फक्त प्लेट झिजतेय हे तुम्हाला पायाला कळत नाही.

हे कळणं म्हणजे काय, ते वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजमध्ये मी नीट पाहिलं. जुन्या गाडीचा क्लच वर आला होता. म्हणजे पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावर गाडी उचलायची, आणि चौथ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढायचा पण वेग वाढायचा नाही. मेकॅनिकने एक राउंड मारला आणि म्हणाला, "ताई, प्लेट गेली. बॉक्स उतरवावा लागेल." गाडी उचलली, चाकांकडे जाणारे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट बाहेर ओढले, गिअरबॉक्स जॅकवर घेऊन खाली उतरवला आणि आतून ताटाएवढी ती प्लेट काढून माझ्या हातात दिली. घर्षणाचा थर इतका उतरलेला की रिव्हेटची डोकी पृष्ठभागाच्या बरोबरीला आली होती. प्लेट ज्याच्यावर घासते त्या फ्लायव्हीलवर निळसर डाग पडले होते, तापून. त्याने बोट ठेवून दाखवलं, "हे हाफ क्लचचं. चढावर गाडी ब्रेकवर धरा, क्लचवर नाही." प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा नवा सेट बसवून संध्याकाळी गाडी परत. छोट्या गाडीला मजुरीसकट आठ-दहा हजारांच्या आसपास पडतं.

या सगळ्यात मला महत्त्वाचं वाटलं ते असं: बिघाड होण्याआधी कित्येक आठवडे गाडी सांगत होती, आणि ते माझ्या पायाला कळत होतं. दुरुस्त करणाऱ्याला लॅपटॉप लागला नाही. शेजारच्या गॅरेजमध्येही तेच काम तसंच झालं असतं, त्यामुळे भाव करता आला. एएमटीचा क्लच बदलला की कॉम्प्युटरला नव्या प्लेटची ओळख स्कॅनर लावून करून द्यावी लागते. सीव्हीटीचा पट्टा किंवा डबल क्लचचा कंट्रोल युनिट गेला तर बहुतेक गल्लीतले मेकॅनिक हात वर करतात, आणि वॉरंटी संपल्यावरचं ते बिल गाडी विकून टाकावी इतकं जड असू शकतं. मघाशी निम्मं खरं म्हणाले ते हे. दुरुस्त करणारा आज मिळतो, पण एकच मिळतो, आणि जिथे एकच मिळतो तिथे भाव तो सांगेल तो. सात-आठ वर्षं जुनी गाडी घेणाऱ्या, पहिल्यांदाच चारचाकी परवडलेल्या घरासाठी हा फरक फार मोठा आहे. नव्या गाडीवाल्याची आजची सोय ही पुढे तिसऱ्या मालकाची डोकेदुखी होते, याचा विचार जाहिरातीत कोण करणार?

पावसाळ्यात बॅटरी मान टाकते तेव्हाचंही सांगून टाकते. मॅन्युअल गाडी दुसऱ्या गिअरला टाकून चार जणांनी ढकलली की, बॅटरीत थोडीफार धुगधुगी असेल तर, सुरू होते. ऑटोमॅटिकला धक्का मारून काही उपयोग नाही. ती ओढून न्यायची तर तीही सरळ दोरी बांधून नाही, चालवणारी चाकं उचलून किंवा गाडीच ट्रकवर चढवून.

ठाण्याच्या माणसाला घाटही चुकत नाहीत. नाशिकला जायचं तर कसारा, पुण्याला बोरघाट, नगर-जुन्नरकडे माळशेज. जुने ड्रायव्हर एक नियम सांगायचे: ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा. उतारावर गाडी तिसऱ्यात किंवा दुसऱ्यात ठेवली की इंजिनच तिला मागे धरतं आणि ब्रेकला उसंत मिळते. सारखा ब्रेक दाबत उतरलं तर पॅड तापतात, ब्रेकचं तेल उकळायला लागतं आणि नेमकं वळणावर पेडल मऊ पडतं. ऑटोमॅटिकमध्येही यावर उपाय आहे. गाडी खालच्या गिअरला धरून ठेवायला 'एल' असतो, 'एस' असतो, कुठे स्टिअरिंगमागे हाताने गिअर बदलायचे पॅडल असतात. कंपनीने दिलेलं असतं, गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलंही असतं. पण ज्याने गाडी 'डी'मध्येच, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हवरच, शिकली त्याला ते कशासाठी आहे हे ठाऊकच नसतं. जुलैत माळशेजच्या धुक्यात उतरताना पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट सलग लाल दिसत राहिले तर मी अंतर वाढवते. तिसऱ्या गिअरला दोन्ही पाय मोकळे ठेवून गाडी उतरते आहे, समोर काही आलं तर ब्रेक थंड आणि ताजे आहेत, ही खात्री मला सनरूफपेक्षा जास्त मोलाची वाटते. (सनरूफ ठाण्यात कशाला हवं हा वेगळा लेख होईल. मेट्रोच्या गर्डरखाली तर नकोच.)

आणखी एक गोष्ट मी रोज बघते. रांगेत ब्रेकवरून पाय थोडा सैल झाला की ऑटोमॅटिक आपोआप पुढे सरकते. चालवणाऱ्याचा डावा हात रिकामा, डावा पाय रिकामा, आणि मोबाइल मांडीवर. तीन हात नाक्याच्या सिग्नलला रील बघता बघता पुढच्याच्या बंपरला टेकलेल्या गाड्या काही कमी नाहीत. क्लचच्या गाडीत मोबाइल बघता येत नाही असं नाही. बघणारे तिथेही बघतात. पण सिग्नल सुटला की हात गिअरवर न्यावाच लागतो, पाय क्लचवर जावाच लागतो, नाहीतर गाडी आचका देऊन बंद पडते आणि मागचे दहा जण हॉर्न वाजवून चूक पदरात घालतात. गाडी बंद पडणं हा मॅन्युअलचा दोष मानला जातो. मला तो तिचा सगळ्यात मोठा गुण वाटतो: गोंधळलेल्या माणसाच्या हातून ती पुढे उडी मारण्याऐवजी बहुतेक वेळा बंद पडते. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला की गाडी भिंतीत. जपानमध्ये म्हाताऱ्या चालकांच्या अशा अपघातांचा प्रश्न इतका वाढला की २०२८ पासून नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत चुकीच्या पेडलवर वेग रोखणारं उपकरण सक्तीचं करायचं तिथल्या सरकारने ठरवलं आहे. ज्या देशाने ऑटोमॅटिक मनापासून स्वीकारली तोच देश आता तिच्यावर पहारेकरी बसवतोय.

इथपर्यंत कुणी म्हणेल, तुझी आवड तुला, आमची आम्हाला. मान्य. कुणी काय विकत घ्यावं हे मी सांगू शकत नाही. पण लायसन्सचा मुद्दा आवडीनिवडीचा नाही, तो सगळ्यांचा आहे, आणि तिथे आपला कायदा चमत्कारिक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १० दुचाकीच्या बाबतीत विना गिअर आणि गिअरची अशा दोन वेगळ्या श्रेणी मानतं. ॲक्टिव्हावर शिकलेली मुलगी त्या लायसन्सवर बुलेट चालवू शकत नाही. चारचाकीला मात्र 'हलकं मोटार वाहन' ही एकच श्रेणी. छोट्या ऑटोमॅटिक हॅचबॅकवर परीक्षा द्या, पास व्हा, आणि दुसऱ्या दिवशी क्लचची कुठलीही गाडी बाहेर काढा. कायदा अडवणार नाही. त्यात ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकतो. पोटावर पाय येणाऱ्या हजारो चालकांच्या दृष्टीने तो निकाल दिलासाच होता आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. ज्याने आयुष्यात क्लच दाबलेला नाही असा माणूस वागळे इस्टेटमधून माल भरलेला, क्लचचा टेम्पो घेऊन मुंब्रा बायपासचा चढ चढायला निघाला, तर त्याच्या खिशातलं लायसन्स पूर्णपणे कायदेशीर आहे.

उलट बाजूचं उदाहरण तर अजून ताजं आहे. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात बेस्टची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली आणि अनेकांचे जीव गेले. आधी क्लचच्या छोट्या बस चालवलेल्या चालकाला त्या मोठ्या ऑटोमॅटिक बसचं पुरेसं प्रशिक्षण मिळालं नव्हतं, असं तपासात पुढे आल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. दोष कुणाचा ते न्यायालय ठरवेल. माझ्या कामाचा मुद्दा एवढाच की ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, एकातून दुसऱ्यात जायला शिकवणी लागते, आणि आपल्या लायसन्सला हा फरकच दिसत नाही.

इतर देशांनी यावर डोकं चालवलं आहे. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. जपानमध्ये १९९१ पासून तसं मर्यादित लायसन्स वेगळं मिळतं. मला जर्मनीची तोड आवडते: एप्रिल २०२१ पासून तिथे परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली तरी चालते, पण त्याआधी मॅन्युअलवर किमान दहा तासिका घेऊन ड्रायव्हिंग स्कूलने घेतलेली छोटी चाचणी दिलेली असेल, तर दोन्ही गाड्या चालवायची मुभा मिळते. कुणावर सक्ती नाही, कुणाला फुकटची सूटही नाही. आपल्याकडे हेच करायचं तर कलम १० मध्ये चारचाकीच्या दोन ओळी करायच्या, जशा दुचाकीच्या १९८८ मध्येच केल्या. काकूंना ऑटोमॅटिकपुरतं लायसन्स मिळेल, त्यात कमीपणा काही नाही.

स्कूटरचा दाखला देऊन मला गप्प करणारे पुष्कळ भेटतात. "चेतकचे गिअर गेले, कोण रडलं?" खरंय, कुणी नाही. वडिलांच्या चेतकचा गिअर पिळताना माझं मनगट दुखायचं, आणि ॲक्टिव्हा आली तेव्हा मीही सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्याच काळात मोटरसायकलचे गिअर राहिले, आजही आहेत, आणि घ्यायच्या वेळी दोन्ही समोर असतात. चारचाकीत हा पर्यायच आता काढून घेतला जातोय. वरच्या व्हेरिअंटला, म्हणजे जिथे चांगले दिवे, मागचा कॅमेरा, सगळ्या सोयी, तिथे अनेक मॉडेलमध्ये मॅन्युअल मिळतच नाही. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत गाडी ओढणारी इलेक्ट्रिक मोटरही असलेली, घ्यायची तर ऑटोमॅटिकच. मॅन्युअल हवी असेल तर खालचं व्हेरिअंट, मोजके रंग, आणि "मॅडम, वेटिंग आहे". मग वर्षअखेरीला आकडे दाखवतात की मॅन्युअलला मागणीच उरली नाही. डेमो गाडी न ठेवता मागणी कशी मोजतात हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

कायदा बदलायला दिल्लीला वेळ लागेल, कंपन्या तर त्यांना फायद्याचं तेच करतील. ठाण्याच्या मोटार ट्रेनिंग स्कूलांना मात्र कशासाठीच थांबायची गरज नाही. मुलांना अठरा पूर्ण झाल्यावर क्लासला घालाल तेव्हा "मॅन्युअलवरच शिकवा, आणि येऊरच्या चढावर हॅन्डब्रेक लावून गाडी उचलायला लावा" असं सरांना सांगा. पुढे घ्यायची ती गाडी त्यांनी घ्यावी. क्लचवर शिकलेल्याला ऑटोमॅटिकची सवय व्हायला मोकळ्या रस्त्यावरच्या दोन-चार फेऱ्या पुरतात, उलट दिशेने पुन्हा पहिल्यापासून क्लास लावावा लागतो. शिवाय ऑटोमॅटिकच्या क्लासची फी बहुतेक ठिकाणी जास्त असते, तेवढे पैसेही वाचतील.